उजवा नट आधी

सायकलचं मागचं चाक आपल्याकडे सहसा कुणी काढत नाही. पंक्चर झालं तरी नाही. पंक्चरवाला टायरची एक कड रिमच्या बाहेर ओढतो, ट्यूब हवी तेवढी बाहेर काढून पाण्याच्या घमेल्यात बुडवतो, बुडबुडे दिसले की तिथे घासून ठिगळ लावतो आणि ट्यूब आत सारून हवा भरतो. एवढं सगळं होतं आणि चाक जागचं हलत नाही. ही पद्धत मला फार हुशारीची वाटते. मागचं चाक काढायचं तर चेन, मडगार्डच्या सळ्या, कॅरिअरचे पाय, स्टँड असं सगळंच सुटं करावं लागतं. एका बारीक भोकासाठी तो खटाटोप कोण करील? पण त्यामुळे असंही झालं की निम्मं आयुष्य सायकलवर काढलेल्या माणसानेसुद्धा मागचं चाक फ्रेमपासून वेगळं झालेलं पाहिलेलं नसतं. टायर बदलायची वेळ आली किंवा एक्सल, म्हणजे चाकाचा मधला आस, तुटला, तरच ते निघतं. आणि परत बसवताना कसं बसतं, त्यावर पुढची काही वर्षं ती सायकल कशी चालणार ते ठरतं.

आमच्याकडे आईसाठी पोळ्या करायला मावशी येतात, त्यांच्या सायकलचा मागचा एक्सल तुटला. तुटण्याचं कारण मात्र बरंच जुनं होतं. 2024 च्या ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात शिरलं, तेव्हा नदीकाठच्या त्यांच्या वस्तीत घराघरांत पाणी होतं. माणसं वर गेली, भांडीकुंडी जमली तेवढी वर गेली, सायकल खालीच राहिली. पाणी ओसरल्यावर त्यांनी ती नळाखाली धुतली, चेनला तेल सोडलं आणि कामाला लागल्या. त्या दिवसांत याहून जास्त कुणाला सुचणार? बाहेरून सायकल स्वच्छ दिसत होती. पण हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या नळकांड्याच्या, आत गेलेलं पाणी नळाने निघत नाही. ते ग्रीसमध्ये मिसळतं, त्याच्याबरोबर नदीचा बारीक गाळ येतो, आणि छर्रे त्या गाळात फिरत राहतात. पुढे कित्येक महिने मागून खरखर येत होती. मग एका सकाळी राजमहाल रोडवर एक्सल तुटला आणि मावशी सायकल ढकलत दांडिया बाजारपर्यंत आल्या. पोळ्यांना उशीर झाला म्हणून आधी तीच दिलगिरी. एक्सलचं मागाहून सांगितलं.

मी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आहे. दिवसभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी माझा व्यवहार असतो. पण सायकलचं मागचं चाक बसवणं हे मी माझ्या कामातल्या कुठल्याही जोडणीइतकंच मोलाचं मानतो, कारण इथे मोजमाप माणसाच्या हातात आणि डोळ्यात असतं, आणि चुकलं तर त्याचा भार रोज कुणाच्या तरी पायांवर पडतो. मावशींची घरं पाच ठिकाणी. सायकल जड चालली तर ती पाचही ठिकाणी जड चालते.

म्हणून रविवारी ती सायकल मी अंगणात उलटी घातली.

हब उघडला तेव्हा आत ग्रीस नव्हतंच; तांबूस काळा लगदा होता. मागच्या हबमध्ये प्रत्येक बाजूला नऊ छर्रे असतात, पाव इंची. निम्म्यांवर गंजाचे डाग होते. कोन, म्हणजे एक्सलवर फिरणारा निमुळता नट, बोटांत धरून उन्हात फिरवला की त्याच्या चकचकीत उतारावर, छर्रे जिथून धावतात त्या रेषेत, सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसत होते. असा कोन परत घालण्यात अर्थ नसतो. हबच्या वाट्या मात्र शाबूत होत्या. नख फिरवून पाहिलं, कुठे अडलं नाही. बाजारातून एक्सल, कोन, नट असा पुरा संच आणि नवे छर्रे आणले. ही किरकोळ रकमेची खरेदी होती, आणि देशी काळ्या सायकलींचं मला सगळ्यात भावतं ते हेच. कुठल्याही गावच्या बाजारात तिचा प्रत्येक भाग मिळतो, आणि तो बसतो.

छर्रे ग्रीसमध्ये चिकटवून वाटीत बसवायचे, एक्सल आत घालायचा, कोन हाताने टेकेपर्यंत फिरवायचा, मग किंचित मागे घ्यायचा आणि लॉकनटने धरून ठेवायचा. एक्सल दोन बोटांत फिरवून पाहायचा. अडखळत फिरला तर कोन घट्ट झालाय. टोक वरखाली हलतंय तर ढिला आहे. या दोहोंच्या मधे जी जागा आहे ती फार अरुंद, आणि ती सापडल्याचं बोटांना लगेच कळतं.

इथवरचं काम चाकाचं. फ्रेमचं काम यानंतर सुरू होतं.

एक्सल फ्रेममध्ये ज्यांत बसतो, त्या मागच्या खाचा पाहिल्यात कधी? पुढच्या फोर्कच्या खाचा खाली उघडतात, चाक सरळ खालून बसतं. जुन्या धाटणीच्या सायकलीच्या मागच्या खाचा मात्र मागच्या बाजूला उघड्या असतात. चाक मागून पुढे सरकवत आत घ्यायचं. यात मोठा विचार आहे. या सायकलीला गिअर नाहीत, चेनचा ताण सांभाळायला दुसरा काही भाग नाही. एक्सल खाचेत मागेपुढे सरकवूनच चेन ताणायची. आणि चेन ओढते ती नेहमी पुढे, म्हणजे खाचेच्या बंद टोकाकडे. नट ढिले पडले तरी पेडलच्या जोराने चाक खाचेतून बाहेर पडत नाही, उलट आत जातं.

ही ओढ किती असते याचा अंदाज सहसा कुणाला नसतो. पेडलची दांडी साधारण साडेसोळा सेंटीमीटर लांब. पुढचं दातेरी चक्र 44 दात्यांचं असेल तर त्याची त्रिज्या नऊ सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे पाय जेवढा जोर लावतो त्याच्या जवळपास दुप्पट ओढ चेनमध्ये येते. सिग्नल सुटल्यावर पन्नास किलोच्या बाईने एका पेडलवर सगळा भार टाकला, तर चेन एक्सलला नव्वद किलोने पुढे खेचते. आणि खेचते ती फक्त उजव्या बाजूने, कारण चेन उजवीकडे आहे. डावीकडे ओढणारं कुणीच नाही.

मागच्या चाकाचे बहुतेक आजार इथून सुरू होतात. उजवा नट पुरेसा घट्ट नसेल तर एक्सलचं उजवं टोक पुढे सरकतं, चाक तिरकं होतं आणि टायर फ्रेमच्या डाव्या नळीला घासू लागतो. डाव्या नळीचा आतून रंग गेलेल्या, पत्रा उघडा पडलेल्या कितीतरी सायकली खंडेराव मार्केटबाहेर भाजीच्या पिशव्या घेऊन उभ्या असतात. मालकाला वाटतं चाक आउट, म्हणजे वाकडं, झालंय. मिस्त्रीकडे जाऊन तो आउट काढून आणतो, तारा ताणून घेतो, पैसे देतो, आणि पुन्हा तेच. चाक बिचारं गोल असतं, सरळ असतं. फक्त तिरकं बसलेलं असतं.

चांपानेर दरवाज्याकडे एक म्हातारे मिस्त्री बसायचे, त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो. चाक बसवताना त्यांची एक ठरलेली रीत होती: ‘पहेलां जमणो.’ आधी उजवा. चेन चढवायची, एक्सल हाताने मागे ओढून ताण बघायचा, आणि ताण मनासारखा झाला की पहिल्यांदा उजवा नट आवळायचा. आता चेनचा प्रश्न मिटला, तो पुन्हा उघडायचा नाही. मग टायर पुढच्या बाजूला, पेडलच्या कण्याजवळ जिथे दोन नळ्यांमधून जातो, तिथे धरून डावीउजवीकडे हलवायचा आणि बरोबर मधोमध आला की डावा नट. नवशिका माणूस दोन्ही नट थोडे थोडे आवळत जातो. मग चेन बघायला गेलं की चाक तिरकं होतं, चाक सरळ करायला गेलं की चेन ढिली पडते. चाचांच्या क्रमात ही झटापट होतच नाही. मला ते फार मोठं शहाणपण वाटतं. ताण फक्त उजवीकडे आहे, म्हणून निर्णयही उजवीकडे आधी.

चेनचा ताण किती ठेवायचा? दोन चक्रांच्या मधोमध चेन बोटाने वरखाली करून पाहावी; साधारण अर्धा इंच हलली पाहिजे. मात्र हे एका जागी पाहून भागत नाही. पुढचं चक्र अगदी तंतोतंत मध्यावर बसलेलं क्वचितच असतं, त्यामुळे पेडल फिरवत गेलं की चेन कुठे ताठ होते, कुठे सैल. जिथे ती सगळ्यात ताठ होते, तिथे अर्धा इंच सोडायचा. सैल जागी ताण लावला तर ताठ जागी छर्रे ओरडतात आणि चेन लवकर जाते.

मावशींची चेनही मी तपासली. अर्ध्या इंचाची कडी, म्हणजे नव्या चेनच्या 24 कड्या बरोबर 12 इंच भरतात. पट्टी लावल्यावर त्या 12 इंच आणि वर एक सूत, म्हणजे अष्टमांश इंच निघाल्या, तर चेन बदलायची वेळ झाली. ही त्याच्या आत होती. पण ताणून ताणून एक्सल खाचेच्या उघड्या टोकापाशी येऊन पोहोचला होता, म्हणून चेन एक इंचाने आखूड केली. एक इंच काढला की चाक अर्धाच इंच पुढे येतं, कारण चेन वरूनही जाते आणि खालूनही. जोडाची क्लिप लावताना तिचं बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवलं. उघडं टोक पुढे राहिलं आणि कशाला अडकलं तर क्लिप निघून रस्त्यात पडते.

सांगण्यासारखी खरी गोष्ट यापुढची आहे. टायर पेडलच्या कण्याजवळ मधोमध आणला, आणि वर, सीटखालच्या दोन नळ्यांमध्ये पाहिलं तर तिथे तो उजवीकडे झुकलेला. खाली मध्यावर, वर नाही. आता दोष कुणाचा? चाकाचा की फ्रेमचा? बरेच जण इथे खालीवर थोडं थोडं सांभाळून घेतात आणि नट आवळून मोकळे होतात. पण विचारायची सोय आहे, आणि ती इतकी सोपी आहे की विचारल्याशिवाय पुढे जाणं मला पटत नाही. चेन उतरवायची, चाक काढायचं आणि उलटं बसवायचं, म्हणजे फ्रीव्हीलची, मागच्या दातेरी चक्राची, बाजू डावीकडे. आता टायर डावीकडे झुकला तर दोष चाकाबरोबर फिरला, म्हणजे तो चाकात आहे. पुन्हा उजवीकडेच झुकला, तर चाक निर्दोष. फ्रेम वाकलेली आहे.

उजवीकडेच झुकला.

मग दोरा. शिवणाचा साधा पांढरा दोरा मागच्या डाव्या खाचेला बांधायचा, तिथून पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून परत मागे उजव्या खाचेपर्यंत आणायचा, ताणून. सीटची उभी नळी या दोन दोऱ्यांच्या मधे येते. नळीपासून डाव्या दोऱ्याचं अंतर आणि उजव्या दोऱ्याचं अंतर सारखं पाहिजे. मावशी हातातलं पीठ झटकत बाहेर आल्या आणि दोऱ्याचं दुसरं टोक त्यांनी धरलं. पट्टी लावली. उजवीकडे चार मिलिमीटर जास्त.

‘दादा, म्हणजे माझी सायकल वाकडीच होती?’

‘मावशी, मागचा भाग उजवीकडे गेलाय. कधी कुणी आपटली होती का?’

त्यांना आठवलं. रिक्षाने मागून ठोकलं होतं, पूर आला त्याच्याही आधी. सायकल चालत होती म्हणून कुणी पाहिलं नाही.

टूलरूममध्ये वापरायची यंत्रं बाजूला राहू द्या, हे मोजमाप दोऱ्यानेच चांगलं होतं. ताणलेला दोरा वाकत नाही आणि खोटंही सांगत नाही. जुन्या लोखंडी नळ्यांची फ्रेम हाताने सरळ करता येते. सायकल आडवी पाडून, मधला कणा पायाखाली नीट धरून, मागच्या खाचेला बेताने जोर द्यायचा. थोडं वाकवायचं, दोरा लावायचा, पुन्हा थोडं. घाई करायची नाही, कारण लोखंड आधी परत उसळतं आणि मग एकदम येतं. दोन्ही दोरे सारखे आले तेव्हा मावशींनीच पट्टी धरून वाचलं. त्यानंतर खाचांमधलं अंतर मोजलं. या सायकलींत ते साधारण 110 मिलिमीटर असतं, आणि एक्सलवरच्या दोन लॉकनटांमधलंही तेवढंच लागतं. जास्त असेल तर चाक आत कोंबावं लागतं, फ्रेम फाकते, आणि सगळी मेहनत वाया. गिअरच्या सायकलींत हे माप वाढत गेलं आहे: 126, 130, 135, आणि आता डोंगरी सायकलींना 148सुद्धा. मागे दात्यांच्या चकत्या वाढल्या, त्यांना जागा लागली.

मागच्या चाकाला हे ओझं फार जुन्या काळापासून नाही. उंच सायकलींचं युग होतं तेव्हा पेडल पुढच्याच चाकाला असायचं. 1885 मध्ये इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्लीने आपली ‘रोव्हर’ काढली, दोन जवळपास सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन, आणि सायकलीचा आजचा चेहरा ठरला. तेव्हापासून ओढण्याचं काम मागे गेलं. बसणाऱ्याचं निम्म्याहून जास्त वजनही मागेच. म्हणूनच जुन्या पद्धतीच्या सायकलीत पुढे 32 तारा आणि मागे 40.

शर्यतींच्या जगात तर मागचं चाक काढणं हा खेळाचाच भाग होता. टूर द फ्रान्समध्ये 1937 पर्यंत चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारं यंत्र वापरायला बंदी होती. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या मापाच्या चकत्या असत; घाट आला की खाली उतरायचं, पंखनट सोडायचे, चाक उलटं फिरवून बसवायचं, चेन ताणायची, नट आवळायचे आणि पुन्हा स्वार व्हायचं. थकलेल्या, गारठलेल्या हातांनी. इटलीतल्या टुलिओ कॅम्पान्योलोची गोष्ट सांगतात, की 1927 मध्ये बर्फ पडत असताना क्रोचे दाउने घाटात त्याला गोठलेल्या बोटांनी पंखनट सोडवेना, आणि त्यातूनच पुढे नुसती एक दांडी उलटवून चाक सोडायची युक्ती निघाली. ती गोष्ट घडली तशी सांगतात की सांगताना रंगली, हा वाद चालू आहे. त्या दांडीने मात्र जगभरच्या शर्यतींचं रूप बदललं यात शंका नाही. आता तर एक्सलच आरपार घालायचा असतो. चाक चुकीचं बसूच शकत नाही. मला त्याबद्दल आदर आहे. मावशींच्या सायकलीला मात्र नटच बरे. पाना कुणाकडेही मिळतो, आणि देवळाबाहेर उभ्या केलेल्या सायकलीचं चाक कुणी सहज काढून नेत नाही.

आमच्या घरापासून कलाभवन चालत जाण्याइतकं जवळ. सयाजीरावांनी 1890 मध्ये ते उभं केलं, त्रिभुवनदास गज्जर पहिले प्राचार्य. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम अशी हातांची विद्या तिथे शाळेत शिकवली जाऊ लागली. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. आज ती विद्यापीठाची इंजिनिअरिंगची वास्तू आहे, आणि तिच्या समोरून जाताना मला नेहमी वाटतं की पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलामुलीच्या हातात एक काळी सायकल आणि एक पाना द्यावा. बल, ताण, समतल, विचलन हे सगळं त्या एका मागच्या खाचेत आहे. फळ्यावर ते इतकं लवकर कळत नाही.

असो. चाक बसवायला घेतलं. चेन फ्रीव्हीलवर टेकवून एक्सल खाचेत सरकवला, बाहेरून चेन ॲडजस्टर, स्टँड, मडगार्डच्या सळ्या, कॅरिअरचे पाय, वायसर, नट. जुन्या मडगार्डच्या सळीचा डोळा जरा वाकलेला होता, तो हातोडीने सपाट करून घेतला. वाकडा भाग मधे राहिला तर नट घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि दुसऱ्या दिवशी ढिला मिळतो. मावशींना मी पाना दिला. त्यांनी घेतलाही, सरळ, जणू पोळपाट-लाटणं. ‘आधी हा ना, चेनकडचा?’ उजवा नट त्यांनीच आवळला. मी टायर मधे धरला, त्या वाकून नळ्यांमधून बघत होत्या: ‘थोडं तुमच्याकडे. अजून जरा. बस.’ वर पाहिलं, सीटखाली. मधोमध. डावा नट.

रॉडच्या ब्रेकचं शेवटी पाहावं लागतं. चाक अर्धा इंच पुढे आलं म्हणजे रिमही पुढे आली, आणि ब्रेकचे रबर आता तिच्या आतल्या कडेवर नीट टेकत नव्हते. नळीवरची क्लिप सोडून ब्रेकची कमान सरकवली. रबर दोन्हीकडे एकाच वेळी टेकले पाहिजेत; एक आधी टेकला तर ब्रेक लावल्यावर चाक बाजूला ढकललं जातं आणि एवढ्या कष्टाने साधलेला मध्य हळूहळू सुटतो.

सायकल सरळ करून मागचं चाक उचललं आणि हाताने फिरवलं. फ्रीव्हीलची टिकटिक, दुसरा आवाज नाही. मावशी बसून रावपुऱ्यापर्यंत जाऊन आल्या. आल्या आल्या मी पुन्हा पाना लावला, कारण नव्या एक्सलवर वायसर पहिल्या फेरीत दबतात: उजवा नट पाव फेरा घेतला, डाव्याने जराही नाही. चेन तशीच अर्धा इंच.

‘हलकी झाली’, मावशी म्हणाल्या, आणि पुढच्या चाकाकडे बोट दाखवलं. ‘पण दादा, पाण्यात तर हेही होतं.’

होतंच. पुढच्या हबमध्ये दोन्हीकडे दहा-दहा छर्रे, मापाने लहान, तीन सोळांश इंची. ते आणून ठेवले आहेत. येत्या रविवारी मावशी पोळ्या आधी उरकून ठेवणार आहेत.